जुडीचं काय करायचं?

पौष-माघात संध्याकाळी उशिरा मंडईत गेलं की कोथिंबीर अक्षरशः गळ्यात पडते. "ताई, न्या ओ दोन, मला परत न्यायची नाय," म्हणत भाजीवाली पिशवीत जुड्या कोंबते आणि वर मूठभर मिरच्या टाकते. आषाढात तीच मावशी जुडीला हात लावू देत नाही. चार काड्या, त्यांना रबरबँड, आणि भाव विचारला की आधी ती आपल्याला आपादमस्तक न्याहाळते. एका मोसमात फुकट पदरात पडायचं आणि पुढच्या मोसमात भाव खायचा, हे कोथिंबिरीइतकं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

त्यात तिचाही दोष नाही. पीक जेमतेम चाळीसेक दिवसांचं. थंडीत भरघोस येतं, उन्हाळा तापला की पानं सोडून फुलावर जातं आणि पावसाची झड लागली की वाफ्यातच सडतं. नाशिक, नारायणगावच्या बाजारात कोथिंबीर-मेथीचे लिलाव शेकड्यावर होतात, म्हणजे बोली शंभर जुड्यांची लागते. आवक वाढली की तो शेकडा इतका गडगडतो की काढणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटत नाही. मग उभ्या पिकात मेंढरं सोडल्याच्या, जुड्या रस्त्यावर ओतल्याच्या बातम्या येतात. चार-सहा महिन्यांनी त्याच पानावर कोथिंबिरीनं गृहिणींचं बजेट कोलमडल्याची बातमी असते. शेतकऱ्याच्या या दुखण्याला माझ्या बर्फाच्या ट्रेमध्ये औषध आहे, असला दावा मी करणार नाही. पण स्वस्ताईतली चार जुड्यांची चव महागाईपर्यंत घरात राखता येते, एवढं मात्र छातीठोक सांगते.

चव म्हणाले, कोथिंबीर नाही म्हणाले. सगळी गोम तिथेच आहे. फ्रीजरमध्ये टाकलेली कोथिंबीर काढली तर काळपट लगदा निघाला, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते आणि त्यावरून फ्रीजरला नावं ठेवली जातात. फ्रीजर पान टिकवतच नाही. तो वास आणि चव टिकवतो, तीही बऱ्यापैकी. त्यामुळे हे पान पुढे कशात पडणार आहे, आमटीत, वाटणात की फोडणीत, हे गोठवायच्या आधी ठरवायचं आणि त्याच रूपात गोठवायचं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

पानाचं काय होतं ते थोडं समजून घेऊ. हिरव्या पानात बहुतांश पाणीच. पेशीपेशीत ते दाबानं भरलेलं असतं, म्हणून पान ताठ उभं राहतं. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं. त्यातून घरच्या फ्रीजरमध्ये गोठणं सावकाश होतं आणि सावकाश गोठलं की बर्फाचे खडे मोठे तयार होतात, टोकदार होतात, पेशींच्या भिंती फाडतात. गोठलेलं असेपर्यंत पान ऐटीत उभं असतं; वितळलं की दाब धरायला भिंतच उरलेली नसते, म्हणून ते मान टाकतं. काळेपणाचं कारण निराळं. पेशीत एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असलेली द्रव्यं आणि विकरं, म्हणजे एन्झाइम्स, भिंती फुटल्यावर एकमेकांना भेटतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना सामील होतो आणि रंग बिघडतो. कापलेलं वांगं काळं पडतं तोच हा प्रकार. गारठ्यानं विकरं सुस्तावतात, मरत नाहीत.

या सावकाशपणावर तोडगा शोधणारा माणूस अमेरिकन होता, क्लॅरेन्स बर्ड्‌सआय. 1912 नंतरची काही वर्षं तो कॅनडाच्या लाब्राडोर भागात राहिला. तिथले इन्युइट लोक मासे पकडून बर्फावर टाकत. उणे चाळीसच्या आसपासच्या थंडीत आणि वाऱ्यात ते मासे बघता बघता गोठत आणि महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. झटकन गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात आणि पेशी वाचतात, ही खूणगाठ त्यानं बांधली, त्यावर यंत्रं तयार केली आणि 1930 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात गोठवलेल्या अन्नाची पाकिटं दुकानात विकायला आली. आपल्या घरी लाब्राडोर नाही. पण पानं एका थरात विरळ पसरली तर त्यातल्या त्यात लवकर गोठतात आणि गच्च दाबून डबा भरला तर मधल्या कोथिंबिरीपर्यंत गारवा पोचायला रात्र जाते. एवढा धडा आपल्यालाही पुरतो.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. जुडी सोडली की पिवळी, चिकट झालेली पानं आधी बाजूला काढायची. एक सडकं पान सगळ्या डब्याला वास लावतं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन कोथिंबीर त्यात सैल सोडायची, हातानं हलवायची आणि वरच्या वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत उपडं करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तळाशी बसलेली सगळी माती ते परत तिच्याच डोक्यावर ओततात. पावसाळी किंवा लाल मातीतली जुडी असेल तर तीन पाणी लागतात. शेवटच्या पाण्यात बोटं तळाला घासून बघायची, कचकच लागली नाही की झालं. धुण्यात कसूर करून चालत नाही, कारण थंडीनं जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात.

आणि मग वाळवण, जिथे निम्मे लोक घाई करतात. पानाला चिकटलेल्या प्रत्येक थेंबाचा बर्फ होतो आणि तो शेजारच्या पानाला धरून ठेवतो. ओली कोथिंबीर भरली की डब्याच्या आकाराची वीट हातात येते. चाळणीत निथळून जुन्या सुती साडीवर किंवा पंचावर पसरायची आणि पंख्याखाली ठेवायची. मधे एकदा हातानं खालीवर करायची. पान हाताला कोरडं लागावं, पण सुकलेलं नसावं. उन्हात तर अजिबात नको. धारदार सुरीनं चिरायची. बोथट सुरी पान कापत नाही, ठेचते, आणि ठेचलं की काळेपणाला तिथूनच सुरुवात. चिरलेली कोथिंबीर स्टीलच्या ताटात पातळ पसरून ताट फ्रीजरमध्ये सरकवायचं. तासा-दोन तासांनी ताट हलवलं की कोरड्या पाचोळ्यासारखी सळसळ ऐकू येते. ती आली की लगेच गार डब्यात किंवा पिशवीत भरायची, पिशवीतली हवा दाबून काढायची आणि लगोलग परत आत. मोकळी राहते, हवी तेवढी चमच्यानं घेता येते. बोटांनी चिमूट घेऊ नये. बोटांच्या उबेनं ती बोटांनाच चिकटते आणि डब्यात ओल जाते. आणि वितळू तर मुळीच द्यायची नाही. आमटी उकळत असताना डब्यातून थेट पातेल्यात.

देठ टाकू नका, हे सांगायला मला दर वेळी लाज वाटते, इतकं ते साधं आहे. पण सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात रोज हिरवेगार देठ दिसतात. कोवळ्या देठांत पानाइतकाच वास असतो आणि गोठण्यात त्यांचं जाण्यासारखं काही नसतं, कारण वाटणात त्यांचा आकार कुणी विचारत नाही. मुळांचंही तेच. थायलंडच्या स्वयंपाकात कोथिंबिरीची मुळं लसूण-मिऱ्यांबरोबर कुटून वापरतात. आपल्याकडे जुडी मुळांसकट येते आणि मुळं नळाखाली जातात. स्वच्छ खरवडून गोठवलेली मुळं मटणाच्या किंवा मसुराच्या रश्श्यात घालून बघा.

दुसरी रीत वड्यांची. कोथिंबीर, मिरची, आलं, हवा तर ओला नारळ, असं हिरवं वाटण कमीत कमी पाण्यात करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं. गोठलं की वड्या काढून पिशवीत. एका खणात साधारण दोन चमचे वाटण मावतं, दोघांच्या आमटीला एक वडी पुष्कळ होते. पाण्याऐवजी थोडं तेल घातलं तर वास अधिक चांगला राहतो. कोथिंबिरीचा वास ज्यांच्यामुळे येतो ती अल्डिहाइड नावाची द्रव्यं तेलात चांगली विरघळतात, आणि तेलाचं पांघरूण हवेलाही पानापासून लांब ठेवतं. वाळवलेल्या कोथिंबिरीला गवताचा वास येतो त्याचंही कारण हेच, ही द्रव्यं वाळताना उडून जातात. ट्रे मात्र या कामाला कायमचा वेगळा काढावा. त्याच ट्रेमधला बर्फ पाहुण्यांच्या सरबतात गेला तर पाहुणे सभ्यपणे पितील आणि पुन्हा येणार नाहीत. एक खबरदारी खरीच गंभीर आहे. लसूण किंवा हिरवी पानं तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवायची हौस बऱ्याच जणांना असते. तेलाखाली हवा पोचत नाही आणि बिनहवेत वाढणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू तिथे जीवघेणं विष तयार करू शकतो, वास-चवीत कळूही न देता. असलं तेलातलं कच्चं वाटण गोठवायचं, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायचं.

पुदिन्याची तऱ्हा वेगळी आहे. तो कोथिंबिरीपेक्षा कितीतरी लवकर काळवंडतो. पानं उकळत्या पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली तर विकरं जायबंदी होतात आणि हिरवा रंग राहतो. थोडा वास जातो, तो सौदा मान्य करावा लागतो. इथे लिंबाचा एक पेच आहे. चटणी काळी पडू नये म्हणून आपण लिंबू पिळतो, आणि ताज्या चटणीला तो उपाय बरोबर आहे. पण महिना-दोन महिने ठेवायच्या चटणीत तीच आंबटाई हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हुसकावते आणि चटणी पोलिसाच्या गणवेशासारखी खाकी होते. चव ठीक असते, पण खाणारा आधी डोळ्यांनी खातो. तेव्हा लिंबू वाढायच्या वेळी. तुळस आणि तिची इटालियन चुलत बहीण बेझिल यांना तर साध्या फ्रीजचा गारवाही सोसत नाही, पानांवर काळे डाग पडतात. बेझिल तेलात वाटूनच गोठवावी.

गवती चहा मात्र या कामात शहाणा. कात्रीनं बोटभर तुकडे करून गोठवला की पेशी आधीच फुटलेल्या असतात, त्यामुळे उकळत्या पाण्यात पडताक्षणी वास सोडतो. आमच्या कुंडीत तो इतका माजतो की गोठवायची वेळ येत नाही, ती गोष्ट निराळी. मेथी वाळवूनही उत्तम लागते, कसुरी मेथी हा त्याचा पुरावा; तिच्यासाठी फ्रीजरातली जागा अडवू नये.

हळदीची पानं हा या सगळ्यातला माझा लाडका विषय. नागपंचमीपासून गौरी-गणपतीपर्यंत कोकणात पातोळ्यांची धामधूम. गोव्यात 15 ऑगस्टला ख्रिस्ती घरांतही सायबिणीच्या सणाला पातोळ्यो होतात. हंगाम सरला की पान मिळत नाही आणि हळदीच्या पानाशिवाय पातोळी म्हणजे नुसती वाफवलेली उकड. ही पानं ओल्या फडक्यानं पुसून, कोरडी करून, मधली जाड शीर लाटण्यानं जराशी दाबून गुंडाळी करायची आणि पिशवीत घालून गोठवायची. बाहेर काढल्यावर पान लुळं पडतं. पडू दे की! ताजं पान दुमडताना चिरतं, हे निमूटपणे वाकतं. त्याला उभं राहायचंच नाही, पीठ पोटात घेऊन वाफेत बसायचं आहे. वास थोडा मवाळ होतो, पण झाकण उघडल्यावर घरभर सुटायला पुरतो. माघात पातोळ्या वाढून बघा, पाहुणे ताटाकडे आणि कॅलेंडरकडे आळीपाळीनं बघतात.

कढीपत्ता गोठवलेला आणि वाळवलेला यांत मी डोळे झाकून गोठवलेला निवडेन. डहाळ्या धुऊन, खडखडीत कोरड्या करून, डहाळीसकट पिशवीत. फोडणीत टाकताना मात्र हात लांब ठेवा, पानावरचा हिमकण तेलात फुटाण्यासारखा उडतो. परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांसाठी तर हा जीव की प्राण. अमेरिकेत बाहेरून ताजा कढीपत्ता न्यायला बंदी आहे. विमानतळावर कितीतरी आयांनी प्रेमानं बांधून दिलेल्या पुड्या कचऱ्यात जातात आणि मुलं आईला सांगत नाहीत. कारण लहरी नाही. कढीपत्ता संत्र्या-लिंबाच्या कुळातला, आणि विदर्भातल्या संत्राबागायतदारांना पक्का ठाऊक असलेला सायला हा किडा त्याच्यावरही राहतो. त्याच्याबरोबर जाणाऱ्या ग्रीनिंग रोगानं फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या आहेत. त्यामुळे तिकडे ज्याच्या परसात कढीपत्त्याचं झाड त्याचा गणगोत मोठा. एकदा छाटणी झाली की पाच-सहा घरांच्या फ्रीजरमध्ये वर्षाची बेगमी होते.

गोठवलेल्या पानांनी काय होत नाही, तेही सांगायला हवं. पोह्यांवर, भेळेवर, मिसळीवर, मठ्ठ्यात ती चालत नाहीत. तिथे कोथिंबीर दाताखाली कुरकुरायला असते. महाग असली तरी चार काड्या ताज्या आणाव्यात, किंवा धणे रगडून त्यांची दोन दळं करून कुंडीत पेरावेत. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात, अख्खा पेरणं म्हणजे दाटी. आणि खरं सांगायचं तर कोथिंबीर टिकवण्याची सगळ्यात झकास रीत पानं गोठवण्याची नाहीच. स्वस्ताईत तिच्या वड्यांचे उंडे करून वाफवावेत, पूर्ण गार करावेत आणि न कापता गुंडाळून फ्रीजरमध्ये टाकावेत. बेसनानं पानाला धरून ठेवलेलं असतं, शिजल्यामुळे विकरांचा प्रश्न मिटलेला असतो. हवे तेव्हा आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये ठेवून सकाळी कापायचे, तळायचे. ऐन श्रावणात ताटात कोथिंबीर वडी बघून शेजारच्या वहिनी "काय बाई, लॉटरी लागली का?" म्हणाल्या, त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. अळूवड्यांचे उंडेही असेच राहतात.

आता थोडं यंत्राबद्दल. पानं महिनोन्‌महिने चांगली राहायला उणे 18 अंश सेल्सियस लागतात. जुन्या एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तितका गार होत नाही. कप्प्याच्या झाकणावर चांदण्या छापलेल्या असतील तर एक म्हणजे उणे 6, दोन म्हणजे उणे 12 आणि तीन म्हणजे उणे 18. विजेच्या बचतीचे तारे चिकटवलेले असतात ते वेगळे. दुकानातला पोऱ्या दोन्ही एकच म्हणून सांगतो. उणे 12 च्या कप्प्यात महिना-दीड महिन्याचाच साठा करावा. बर्फ न साचणाऱ्या नव्या फ्रीजमध्ये आतला बर्फ वितळवायला मधूनमधून हलकी ऊब दिली जाते, म्हणून पिशव्या दारात न ठेवता पाठीमागे ठेवाव्यात. उणे 18 ला तीन ते सहा महिने वास चांगला राहतो. नंतर खाऊन अपाय होत नाही, पण पालापाचोळा खाल्ल्याचं समाधान मिळतं. पिशवीवर नाव आणि तारीख लिहावी. गोठलेला पुदिना, पालक आणि कोथिंबीर ओळखायला लावणं हा एरवी फावल्या वेळचा चांगला खेळ आहे, पण पाहुणे दारात असताना नको.

राहता राहिला वीज जाण्याचा मुद्दा, आणि तो आपल्याकडे सोडून चालत नाही. भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण 48 तास गारवा धरतो, अर्धा भरलेला 24 तास. रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. आणि कोण किती वितळलंय हे बघायला दर तासानं दार उघडणाऱ्या सासरेबुवांना दुसरं काहीतरी काम द्यावं. बर्फाचे कण दिसत असतील तर पिशवी परत गोठवली तरी बिघडत नाही, फक्त लगदा जास्त होतो. पार वितळून कोमट झालेली फेकावी. मधल्या अवस्थेतली, गार पण लुळी, तिचं त्याच दिवशी हिरवं वाटण करावं आणि मटण शिजवावं. श्रावण असेल तर मसालेभात.